कौल, कबुलायत आणि निविदा

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, टिटवाळा आणि वाशिंद यांच्या दरम्यान, भातसा नदीच्या सान्निध्यात खडवली वसली आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५३ साली ठाण्यास, १८५४ साली कल्याणास आणि १८५५ साली वाशिंदास पोहोचली. त्या शेवटच्या टप्प्यात रूळ खडवलीवरून गेले, आणि त्यांच्याबरोबर करारमदाराची एक नवी शिस्तही या मुलखात शिरली.

जुनी शिस्त काही थोडीथोडकी नव्हती. मराठेशाहीत पडीत जमीन लागवडीस आणावयाची, तर सरकार रयतेस कौल देई: आरंभीची काही वर्षे सारा माफ किंवा अल्प, पुढे इस्ताव्याने चढत चढत पूर्ण धारा. रयतेने कबुलायत लिहून दिली, म्हणजे उभयपक्षी बंधन पडे. कौलात मुदतीचे अभय असे, हे त्याचे थोर बळ. मात्र तो मोडला गेल्यास दाद मागावयाची तीही कौल देणाऱ्या सरकारकडेच, हे त्याचे वैगुण्य.

रेल्वेची कामे मक्त्याने होत. मुंबई ते ठाणे या मार्गाचा मक्ता फॅविएल आणि फाउलर यांच्याकडे होता. निविदा मागविणारी जाहिरात पाहून सामान्य मनुष्यास वाटते की, जाहिरात देणाराच प्रस्ताव करीत आहे. इंग्रजी न्यायालयांनी १८७० साली स्पेन्सर विरुद्ध हार्डिंग या दाव्यात याउलट ठरविले: जाहिरात हे केवळ आमंत्रण, प्रस्ताव करतो तो निविदा भरणारा, आणि सर्वांत चढी रक्कम देऊ करणाऱ्याचीच निविदा पत्करण्याचे बंधन जाहिरात देणाऱ्यावर नाही. १८७३ साली ग्रेट नॉर्दर्न रेल्वेला वर्षभर लागेल तितका माल पुरविण्याची निविदा भरणाऱ्या विथॅमने मध्येच हात आखडला, तेव्हा न्यायालय म्हणाले की, त्याची निविदा हा खुला राहिलेला प्रस्ताव असून कंपनीची प्रत्येक मागणी हा त्याचा स्वीकार आहे; आलेली मागणी त्याने पुरविलीच पाहिजे.

हिंदुस्थानात १८७२ च्या करार कायद्याने प्रस्ताव आणि स्वीकार यांची तत्त्वे कलमबद्ध केली, परंतु इंग्रजी नियम जसाच्या तसा उचलला नाही. स्वीकृतीचे पत्र टपालात पडताच इंग्लंडात दोघेही बांधले जातात. आपल्या चौथ्या व पाचव्या कलमांन्वये त्या क्षणी प्रस्तावकर्ता बांधला जातो, स्वीकारणाऱ्यास मात्र ते पत्र पोहोचेपर्यंत माघार घेता येते. दूरध्वनीचा प्रश्न पुढे खामगावच्या एका जिनिंग व तेल गिरणीच्या दाव्यात उपस्थित झाला. सरकीच्या पेंडीचा तोंडी सौदा १९५९ साली अहमदाबाद आणि खामगाव यांच्यात दूरध्वनीवरून झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली बहुमताने ठरविले की, प्रस्तावकर्त्याच्या कानी स्वीकृती अहमदाबादेस पडली, म्हणून करारही तेथेच झाला.

कौल वर्षानुवर्षांची हमी देई. इंग्रजी पद्धतीचा प्रस्ताव स्वीकारापूर्वी केव्हाही मागे घेता येतो. तरीही शब्दाचे बंधन कोणत्या क्षणी पडते, हे या पद्धतीने तिऱ्हाईत न्यायासनापुढे सिद्ध करता येईल इतके निश्चित केले, आणि तो नियम कंपनीस व कुळास एकच ठेवला. अर्थात ज्यास तो ठाऊकच नाही, त्याच्या हाती त्याचे रक्षण येत नाही. म्हणून खडवलीच्या परिसरात जमिनीचा, भाताचा वा विटांचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकास, आपला होकार कोणत्या क्षणी अपरिवर्तनीय होतो, हे मराठीतून, शाळकरी वयातच शिकविले गेले पाहिजे.