मिक्स्चरच्या बाटलीपासून समुपदेशनापर्यंत : तुमचा फार्मासिस्ट कसा घडतो?

घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांना कंपाउंडर नक्की आठवेल. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध तो मोजून, घोटून बाटलीत भरायचा आणि डोस कळावेत म्हणून बाटलीवर कापलेल्या कागदाची पट्टी चिकटवायचा. हे काम तो बहुधा दवाखान्यातच, बघून बघून शिकलेला असे.

कायदा आला

औषधविक्रीतील गोंधळ तपासण्यासाठी १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांची समिती नेमली गेली. १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने औषधनिर्माणशास्त्राचं शिक्षण सुरू झालं. मार्च १९४८ मध्ये फार्मसी कायदा झाला, तेव्हा आपली परभणी अजून निजामाच्या राज्यात होती. या कायद्याने दोन गोष्टी ठरवल्या : शिक्षण ठरावीक दर्जाचं हवं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावं.

काम बदललं, परीक्षा मागे राहिली

पुढे गोळ्या, सिरप कारखान्यातून तयार येऊ लागले. औषध बनवण्यापेक्षा ते समजावून सांगणं महत्त्वाचं झालं. पण परीक्षेत भर राहिला तो पाठांतरावर. आणि परीक्षेत जे विचारलं जात नाही, ते विद्यार्थी मनावर घेत नाहीत. डिप्लोमानंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण होतं, पण त्यात किती शिकायला मिळेल हे शिकवणाऱ्यावर अवलंबून असे.

यात तुमचं काय जातं? सांधेवातासाठी मेथोट्रेक्झेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. पाकीट हातात देताना ते एक वाक्य सांगणारा माणूस लागतो.

आता काय बदलतंय?

२०१५ च्या नियमांनी रुग्णाला औषधाची माहिती देणं हे फार्मासिस्टचं काम ठरवलं. २०२० च्या डिप्लोमा अभ्यासक्रमात त्याचा सरावही आला : वर्गात एक विद्यार्थी रुग्ण होतो, दुसरा फार्मासिस्ट. इन्हेलर कसा ओढायचा, हे तो करून दाखवतो आणि चूक तिथेच सुधारली जाते. २०२२ च्या नियमांनुसार डिप्लोमानंतर नोंदणीसाठी एक्झिट परीक्षाही आली. तिचे तीन पेपर असून प्रत्येकात किमान ५० टक्के गुण लागतात. अर्थात पर्याय निवडण्याच्या प्रश्नांतून ज्ञान कळतं. समजावण्याची हातोटी मात्र वर्गातल्या आणि दुकानातल्या सरावातच तपासता येते.

तुम्ही काय कराल?

परभणी असो, जिंतूर असो की गंगाखेड, मेडिकलवर औषध घेताना फार्मासिस्ट कोण आहेत ते विचारा. मग चार प्रश्न विचारा : हे कशासाठी? कधी आणि किती? किती दिवस? काय टाळायचं? आणि उत्तर तुमच्या शब्दांत परत सांगून बघा. बरोबर असेल तर निश्चिंत घरी जा. चुकलं तर तिथेच पुन्हा समजून घ्या.