मोडशी, वाखा आणि न फाटलेले अस्तर

भाषेतील शिव्याशाप हे सामाजिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन आहे. रेणापूर परिसरातील वयस्क बायका रागाच्या भरात 'तुझा वाखा होवो', 'पटकीनं न्यावं तुला', 'मरी खावो' असे सहज बोलून जातात. ऐकणाऱ्यालाही त्याचे विशेष काही वाटत नाही. वाखा, पटकी, मरी, महामारी ही सारी एकाच रोगाची नावे. आपण त्याला कॉलरा म्हणतो. रोगाची दहशत ओसरली, शाप तेवढा जिभेवर राहिला.

माझ्या आजीच्या आठवणीत एक 'वाख्याचं साल' होते. साल नेमके कोणते, हे तिला सांगता येत नसे. निजामाचे राज्य होते आणि ती परकरी पोर होती, एवढेच. त्या साथीत तिचा थोरला भाऊ एका रात्रीत गेला. 'पाणी पाणी करीत गेला, पण कुणी दिलं नाही,' हे वाक्य ती दरवेळी त्याच शब्दांत उच्चारी. देऊ नका असे सांगणारा घरातलाच जाणता माणूस होता. पोटात गेलेला घोट दुप्पट होऊन बाहेर पडतो, तेव्हा पाणी देणे म्हणजे रोगाला बळ देणे, असा त्याचा समज. हा निव्वळ अडाणीपणा, असे मी अनेक वर्षे मानीत आलो. पुढे या रोगाचा इतिहास वाचताना लक्षात आले की हा समज एकट्या खेड्याचा नव्हता. शंभर-सव्वाशे वर्षे युरोपीय वैद्यकही आतड्याचे चुकीचे वाचन करीत होते आणि त्या वाचनाचा निष्कर्ष आमच्या घरातल्या जाणत्या माणसाच्या निष्कर्षाहून फार वेगळा नव्हता.

वाचनाच्या चुकांची सुरुवात शब्दापासूनच होते. मराठी-कोंकणीत 'मोडशी' हा शब्द आजही अपचन, पोट बिघडणे या सौम्य अर्थाने वापरात आहे. सोळाव्या शतकात मात्र तो जीवघेण्या रोगाचे नाव होता. 'मोडणे' या धातूशी त्याचे नाते सांगितले जाते. माणूस उभाच्या उभा मोडून पडतो, ती मोडशी. पोर्तुगीजांनी हा शब्द 'मोर्शी' असा कानांनी टिपला. फ्रेंचांच्या तोंडी त्याचे 'मोर द शियँ', म्हणजे कुत्र्याचे मरण, असे रूपांतर झाले. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या रूपांतराची कथा सविस्तर आली आहे. शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना ध्वनीवरून अर्थ बनविण्याचे याहून विदारक उदाहरण सापडणे कठीण. योगायोग असा की मराठीतही 'कुत्र्याच्या मौतीने मरणे' आहेच.

१५४३ मध्ये गोव्यात या मोडशीची मोठी साथ आली. गास्पार कोरैया या पोर्तुगीज इतिहासकाराने तिचे वर्णन करून ठेवले आहे. उलट्या, न शमणारी तहान, पायांत येणारे गोळे, खोल गेलेले डोळे, काळीनिळी पडलेली नखे, ही लक्षणे त्याने नोंदवली आणि रोग तीव्र विषासारखा चालतो, असे निरीक्षणही केले. मेलेल्यांसाठी चर्चच्या घंटा इतक्या वाजू लागल्या की लोक घाबरू नयेत म्हणून त्या थांबवाव्या लागल्या. गव्हर्नरच्या आज्ञेने एक प्रेत उघडूनही पाहण्यात आले. वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गोव्यातच छापल्या गेलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात गार्सिया द ऑर्ता या वैद्यानेही या रोगाची दखल घेतली. प्रेत उघडून आत काय 'मोडले' आहे ते शोधण्याची ही धडपड पुढे तीनशे वर्षे चालू राहिली.

१८१७ मध्ये बंगालातून निघालेली साथ मात्र वेगळीच होती. नोव्हेंबरात तिने बुंदेलखंडात हेस्टिंग्जच्या फौजेला गाठले. ही फौज पेंढारी आणि मराठे यांच्यावर चालून निघालेली होती. ऑगस्ट १८१८ मध्ये साथ मुंबईत पोहोचली. म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी महामारी दख्खनभर फिरत होती. आपल्या इतिहासलेखनात पहिल्या घटनेवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत, तर दुसरी तळटीपेत गेली.

लोकांनी मात्र तिला तळटीप मानले नाही, देवी मानले. गावकुसाबाहेर मरीआईचे ठाणे नाही असे गाव मराठवाड्यात विरळाच. रेणुकादेवीसाठी प्रसिद्ध असलेल्या रेणापूरच्या पंचक्रोशीत देवीच्या लेकरांची, पोतराजांची, हलगी आणि आसूड ओळखीचा आहे. साथ आली की मरीआईचा गाडा निघे. बांगड्या, नारळ, नैवेद्य घातलेला तो गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेबाहेर ढकलायचा. रोग गावोगाव सरकतो, हे निरीक्षण या विधीत अचूक आहे. फक्त तो पाण्यातून सरकतो, हे ठाऊक नव्हते. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आसूड अंगावर ओढून घेणारे पोतराजपण बहुतांशी मातंग समाजाच्या वाट्याला आले. देवी शांत करण्याचे ओझे ज्यांच्या पाठीवर टाकले, त्यांनाच गावाच्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती. लोकसंस्कृतीवर हौसेने लिहिताना आपण हा भाग बहुधा गाळतो.

आता वैद्यकाकडे वळू. रोग्याचे जुलाब तांदळाच्या धुवणासारखे असत आणि त्यात पांढुरके कण तरंगत. हे कण म्हणजे आतड्याच्या आतल्या नाजूक अस्तराचे सुटलेले तुकडे, असा तर्क एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. शवविच्छेदनात अस्तर खरोखरच सैल झालेले दिसे. मृत्यूनंतर काही तासांत ते असेही सैल होते, हे मात्र फार थोड्यांनी ध्यानात घेतले. अस्तरच गळून गेले म्हटल्यावर पाणी शोषून घेणार कोण? या तर्काने तोंडातून पाणी देणे निरर्थक ठरले. काहींनी ते अपायकारकही मानले. उपचार म्हणून रक्त काढले जाई, पाऱ्याचा क्षार व अफू दिली जाई. अंगातले पाणी संपून मरणाऱ्याचे रक्त काढणे! कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू निश्चित केला, तरी आतड्याविषयीचा समज हलला नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यातच शिरेतून मिठाचे पाणी देऊन बरेच जीव वाचवले. परंतु ते मोठ्या रुग्णालयात. रेणापूरला त्याचा काय उपयोग?

चूक दुरुस्त झाली ती १९५९-६० च्या सुमारास. कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधला आणि त्यात जंतू गाळून काढलेले द्रव टोचले. जंतू नसतानाही तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. याचा अर्थ, मारतो तो जंतूने सोडलेला विषारी पदार्थ. १९५९ मध्ये हे संशोधन 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी बँकॉकच्या साथीतील अभ्यास आला. गँगारोसा व सहकाऱ्यांनी जिवंत रोग्यांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. अस्तर जागच्या जागी होते. काहीही फाटले नव्हते, काहीही मोडले नव्हते.

मग होते काय? जंतू आतड्याच्या पेशींना चिकटतो, आत शिरत नाही. त्याचे विष पेशीत शिरते आणि तिच्यातील एक खूण कायमची 'चालू' करून ठेवते. पेशी क्षार बाहेर टाकू लागते, क्षारामागे पाणी जाते. पेशी धडधाकट असते, पण तिला दिलेला हुकूम खोटा असतो. खरी मौज पुढे आहे. साखर आणि मीठ जोडीने आत घेणारा पेशीचा दुसरा दरवाजा या विषाने बंद होत नाही. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथे या जोडवाहतुकीची कल्पना मांडली. १९६८ मध्ये ढाक्यात नलिन आणि कॅश यांनी रोग्यांना साखर-मिठाचे पाणी पाजून ती उपचारात आणली. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपले, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व सोडा यांची पाकिटे करून घेतली आणि ते पाणी आयाबहिणींनाच पाजायला सांगितले. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. डे यांना हयातीत फारसे काही मिळाले नाही. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

अस्तर शाबूत आहे हे कळल्यावर त्याच्या शेजाऱ्यांकडेही लक्ष गेले. आतड्यात वस्तीला असलेले कोट्यवधी जंतू हे त्याचे शेजारी. २००० मध्ये वेल्लोरच्या संशोधकांनी साखर-मिठाच्या पाण्यात न पचणारा मक्याचा स्टार्च घालून पाहिला. जुलाब लवकर आटोक्यात आले. हा स्टार्च मोठ्या आतड्यातील जंतू आंबवतात, त्यातून लहान आम्ले तयार होतात आणि ती आम्ले तेथील अस्तराला मीठ-पाणी शोषून घ्यायला मदत करतात. शिजवून थंड झालेल्या भात-भाकरीतही या जातीचा स्टार्च काही प्रमाणात असतो. यावरून 'आमच्या शिळ्या भाकरीत सारे विज्ञान होते' असा जयघोष करण्याचे कारण नाही. आमच्या घरात भाकरी होती तशी न दिलेले पाणीही होते. २०१४ मध्ये ढाक्यातील रोग्यांच्या अभ्यासातून असेही दिसले की बरे होताना वाढणारा एक रहिवासी जंतू कॉलऱ्याच्या जंतूला वस्ती करण्यास अडथळा करतो. उलट, उपासमारीत जठरातील आम्ल घटते आणि जंतूचा मार्ग सोपा होतो. १९०० च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवर आणि छावण्यांत कॉलरा का पसरला, याचे एक कारण घाणेरडे पाणी, तर दुसरे हे असावे.

पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना टोचली गेलेली लसही याच कारणाने उणी पडली. दंडात टोचलेल्या लसीचे संरक्षण अपुरे आणि थोड्या महिन्यांचे होते. पहारा हवा होता तो आतड्याच्या अस्तरावर. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी या लसीच्या दाखल्याची अट काढून टाकण्यात आली. आता तोंडावाटे घ्यायच्या लसी आहेत.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा आमच्याकडची चर्चा लिटरांची होती. टँकरचे पाणी कुठल्या विहिरीचे, हे विचारण्याची ऐपत तहानलेल्याला नसते.

आजीच्या अखेरच्या वर्षांत माझ्या लहानग्या पुतण्याला हगवण लागली. अंगणवाडीच्या बाईंनी जलसंजीवनी करायला शिकवली: लिटरभर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आजीने रात्रभर मांडीवर घेऊन त्याला ते चमच्याचमच्याने पाजले. तो ओकला की थोडे थांबायची आणि पुन्हा पाजायची. पहाटे त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिले. तिने वाटीतले उरलेले पाणी स्वतः चाखले आणि मला विचारले, 'एवढंच होतं का रे?'