हिंदुरावांची टेकडी

दिल्लीच्या उत्तरेस अरवलीचा जो खडकाळ कणा शहराला येऊन भिडतो, त्या टेकडीवर निरनिराळ्या शतकांनी आपापल्या लहरीप्रमाणे काही ना काही बांधून ठेवले आहे. एका राजवटीने दुसरीशी मसलत केल्याची खूण येथे कोठेही नाही. पण या टेकडीवरील एका ठिकाणाचे नाव मात्र अस्सल मराठी आहे आणि ते मोठे चिवट ठरले आहे. ते नाव म्हणजे हिंदुराव.

उत्तरेकडून कमला नेहरू उद्यानाच्या झाडीत शिरले की प्रथम फ्लॅगस्टाफ टॉवर लागतो. खेळातल्या किल्ल्याचा एखादा बुरूज सुटून येथे येऊन बसावा, तशी ही १८२८ सालची वाटोळी, कंगोरेदार इमारत आहे. ११ मे १८५७ रोजी दिल्लीतील इंग्रज कुटुंबे हिच्या आश्रयाला जमून मीरतहून येणाऱ्या मदतीची वाट पाहत बसली. मदत आली नाही. पुढे गेले की चौबुर्जी येते. नाव चार बुरुजांचे; आज उभा आहे एकच. त्यापुढची वास्तू याहून चमत्कारिक. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने या टेकडीवर शिकारीचा महाल बांधला होता. त्यातली पीर गैब ही दुमजली वास्तू अद्याप शिल्लक आहे. तिच्या जमिनीतून आणि छतातून आरपार जाणारी एक पोकळ नळकांडी आहे. आकाशातील ग्रहताऱ्यांचा वेध घेण्यासाठी ती असावी, असा तर्क आहे. लोकांनी मात्र वेधशाळा विसरून, येथून अंतर्धान पावलेल्या एका पीराची आठवण ठेवली.

हे सर्व अवशेष ज्यांच्या शेजाराला आले, ते हिंदुराव म्हणजे कागलकर घाटग्यांपैकी जयसिंगराव. सर्जेराव घाटगे हे त्यांचे वडील. १७९८ च्या सुमारास पुणेकरांकडून त्यांनी केलेली सक्तीची वसुली महाराष्ट्राच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. त्याच वर्षी त्यांची कन्या बायजाबाई दौलतराव शिंद्यांना दिली गेली. १८२७ मध्ये दौलतराव वारले आणि ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंच्या हाती आला. १८३३ मध्ये दत्तकपुत्र जनकोजीराव यांच्या पक्षाने त्यांना राज्याबाहेर काढले. बहिणीची सत्ता गेली आणि भावाचेही ग्वाल्हेरातील दिवस संपले. हिंदुराव दिल्लीत येऊन राहिले.

टेकडीवरचे ते प्रशस्त घर त्यांनी बांधलेले नव्हे. इंग्रज रेसिडेंट कोलब्रुक याने ते बांधले. पुढे विल्यम फ्रेझर तेथे राहत असे. मार्च १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला आणि त्यानंतर ते घर हिंदुरावांनी विकत घेतले. घराबरोबर एक विलक्षण वस्तूही त्यांच्या ताब्यात आली. तो अशोकाचा एक स्तंभ होता. फिरोजशाहाने १३५६ मध्ये तो मीरतहून आणून येथे उभा केला होता. फर्रुखसियरच्या कारकीर्दीत दारूचा स्फोट होऊन त्याचे पाच तुकडे झाले आणि ते तसेच पडून राहिले.

ज्या लिपीला शतकानुशतके कोणी वाचक उरला नव्हता, ती ब्राह्मी १८३७ मध्ये कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेपने उलगडली. त्याच सुमारास हिंदुरावांनी हा स्तंभ बंगालच्या एशियाटिक सोसायटीला देऊन टाकला. एवढा पाषाण कलकत्त्याला नेणे परवडेना, म्हणून कोरीव भाग तेवढा कापून तिकडे गेला. तो १८६६ मध्ये परत आला आणि १८६७ मध्ये तुकडे सांधून स्तंभ पुन्हा उभारला गेला. त्याचे सांधे आजही स्पष्ट दिसतात.

१८५५ मध्ये हिंदुराव निवर्तले. दोनच वर्षांनी इंग्रज फौजेने टेकडी धरली, तेव्हा त्यांचे घर हेच तिचे मुख्य ठाणे झाले. मेजर रीडची सिरमूर पलटण तेथे होती. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शहरातून सुटलेल्या तोफगोळ्यांनी त्याच्या भिंती चाळण झाल्या. एका मराठा सरदाराचे रिकामे घर दिल्लीवर रोखलेल्या तोफांचा आधार बनले, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा. त्या लढाईतील आपल्या सैनिकांचे स्मारक म्हणून इंग्रजांनी १८६३ मध्ये टेकडीच्या दक्षिण अंगाला गॉथिक शैलीचा तांबड्या दगडाचा मनोरा उभारला. त्यावरील लेखात ज्यांना शत्रू म्हटले आहे ते स्वातंत्र्यासाठी लढणारे वीर होते, असा खुलासा स्वतंत्र भारताने १९७२ मध्ये तेथे लावला आणि मनोऱ्याला अजितगढ हे नाव दिले.

म्हणजे या टेकडीवर कोणाची कृती मूळ अर्थाने टिकली? महालाचा दर्गा झाला, विजयस्मारकाचा अर्थ पालटला. हिंदुरावांचे घर प्रथम आजारी सैनिकांच्या उपयोगी पडले आणि मग त्या जागी नगरपालिकेचे मोठे रुग्णालय वाढले. त्याला आजही हिंदुराव रुग्णालय म्हणतात. सदर बाजारानजीकची एक वस्तीही बाडा हिंदुराव म्हणून ओळखली जाते. कागलचे घाटगे कोण, हे तेथे येणाऱ्या रुग्णांना ठाऊक असण्याचे कारण नाही. रिक्षावाल्याला ते नुसते ‘हिंदुराव’ एवढेच सांगतात आणि तो बरोबर त्या चढावर त्यांना आणून सोडतो.