टूर द फ्रान्सची नांदी

टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचा पहिलाच टप्पा पॅरिस ते लियों असा ४६७ किलोमीटरचा होता. विजेत्या मोरिस गारँला तो पार करायला पावणेअठरा तास लागले. रात्रीचा अंधार, खडीचे रस्ते, फुटणारी चाके यांतून कोण पुढे निघेल हे सांगणे म्हणजे पावसाचे भाकीत करण्यासारखेच होते. आदल्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन अंदाज बांधता येईल असा प्रारंभ या शर्यतीला मिळाला तो १९६७ मध्ये. २९ जूनला आंझे शहरात प्रत्येक सायकलपटूला एकट्याने, घड्याळ लावून, सुमारे पावणेसहा किलोमीटर पळवण्यात आले. फ्रेंचमध्ये या प्रकाराला ‘प्रोलॉग’ म्हणतात. मराठी रंगभूमीच्या भाषेत ही नांदीच.

नांदी आणण्यामागचा हिशेब सरळ होता. पहिल्याच संध्याकाळी आघाडीवीराची पिवळी जर्सी कुणाच्या तरी अंगावर चढते, यजमान शहराला एक पूर्ण दिवस मिळतो आणि एरवी घोळक्यात हरवणारा प्रत्येक सायकलपटू प्रेक्षकांना वेगळा दिसतो. नियमाने नांदीचे अंतर आठ किलोमीटरपेक्षा कमी ठेवतात, त्यामुळे प्रत्येकाचा खेळ सात-आठ मिनिटांत आटोपतो. संघाची मदत नाही, समोरच्याच्या आडोशाने वारा चुकवण्याची सोय नाही, डोंगर नाहीत. मागच्या टाइम ट्रायलमधल्या, म्हणजे घड्याळाविरुद्धच्या एकेरी शर्यतींतल्या, वेळा आणि रस्त्यावरची वळणे पाहिली की दावेदार चार-पाच जणांवर येतात.

तरीही पहिल्याच वर्षी अंदाज चुकला. फ्रान्सचा लाडका रेमों पुलिदोर सहा सेकंदांनी मागे राहिला आणि जर्सी स्पेनच्या होसे मारिया एर्रांदोनेआला मिळाली. पुलिदोर पुढे अनेक टूर धावला, पण पिवळी जर्सी त्याच्या अंगावर एक दिवसही आली नाही. त्याच शर्यतीत, १३ जुलैला, व्हाँतूच्या उघड्याबोडक्या चढावर इंग्लंडचा टॉम सिम्पसन कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरात अँफेटामिन सापडले. उत्तेजक चाचण्या एक वर्ष आधी, १९६६ मध्ये, टूरमध्ये आल्या होत्या आणि बोर्दोला पहिली चाचणी होताच सायकलपटूंनी दुसऱ्या दिवशी सायकलवरून उतरून, चालत जाऊन निषेध नोंदवला होता. म्हणजे नांदी आणि उत्तेजकांची उघड चर्चा टूरमध्ये जवळजवळ एकाच वेळी आली. अंदाज बांधणाऱ्यांनी मात्र या दोन गोष्टी बराच काळ वेगवेगळ्या खात्यांत ठेवल्या.

नांदीचे खास कसबी पुढच्या काळात तयार झाले. फ्रान्सच्या तिएरी मारीने १९८६, १९९० आणि १९९१ अशा तीन नांद्या जिंकल्या. इंग्लंडच्या क्रिस बोर्डमनने १९९४ मध्ये लीलला ताशी ५५ किलोमीटरच्या वर सरासरी काढली, आणि त्यानंतर त्याचे नाव यादीत पहिले लिहिणे ही रीतच झाली. पण एवढ्या छोट्या अंतरातही गणित बिघडवणाऱ्या दोन गोष्टी होत्या: आभाळ आणि माणूस. १९९५ मध्ये सॅं-ब्रियोला लवकर निघालेला जाकी द्युराँ कोरड्या रस्त्यावरून गेला. उशिरा निघालेला बोर्डमन पावसात घसरून पडला, घोटा मोडला आणि शर्यतीतून बाहेर गेला. मोठ्या नावांना शेवटी सोडण्याची प्रथा त्या दिवशी त्यांच्यावरच उलटली. १९८९ चा लक्झेंबर्गचा किस्सा त्याहून विचित्र. आदल्या वर्षीच्या टूरचा विजेता पेद्रो देलगादो सुरुवातीच्या चौथऱ्यावर २ मिनिटे ४० सेकंद उशिरा पोचला आणि शेवटचा आला. हा तोच देलगादो, ज्याच्या नमुन्यात १९८८ मध्ये प्रोबेनेसिड सापडले होते. हे औषध दुसरी द्रव्ये लपवायला वापरले जाई, पण सायकल महासंघाच्या बंदी यादीत ते तेव्हा नव्हते, म्हणून त्याचे विजेतेपद टिकले. संशय घेऊन आलेला विजेता चक्क वेळेवरच पोचला नाही, हे कुठल्याही भाकितात बसणारे नव्हते.

संशयाने अंदाजाचे गणितच बदलले ते १९९८ मध्ये. शर्यत ११ जुलैला डब्लिनमध्ये सुरू व्हायची होती. तीन दिवस आधी बेल्जियमहून फ्रान्समध्ये शिरताना फेस्टिना संघाचा मालिशवाला विली वूट सीमेवर पकडला गेला. त्याच्या गाडीत ईपीओ हे उत्तेजक आणि इतर औषधे यांच्या शेकडो कुप्या होत्या. डब्लिनच्या ५.६ किलोमीटरांचा अंदाज मात्र तंतोतंत खरा ठरला: बोर्डमन पहिला, अब्राहम ओलानो चार सेकंदांनी दुसरा. फेस्टिनाचे सगळे गडी धावले. सहा दिवसांनी, १७ जुलैला, संघाची हकालपट्टी झाली, तोवर बोर्डमन पिवळ्या जर्सीतच पडून घरी गेला होता. १८९ जणांनी सुरू केलेली शर्यत ९६ जणांनी संपवली.

पुढच्या वर्षी लान्स आर्मस्ट्राँगने ल प्युई द्यु फू येथे ६.८ किलोमीटरची नांदी सात सेकंदांनी जिंकली. २००५ मध्ये ‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाने त्या शर्यतीतल्या त्याच्या साठवलेल्या नमुन्यांत ईपीओ आढळल्याचे छापले, आणि २०१२ मध्ये त्याचे १९९९ पासूनचे टूरमधले सगळे निकाल रद्द झाले. तिथून नांदीच्या भाकिताला एक न लिहिलेली अट चिकटली: निकाल लागला तरी तो कायम राहीलच असे नाही.

या अटीचे सर्वांत ठळक उदाहरण २००६ चे स्ट्रासबुर्ग. मे महिन्यात स्पेनच्या पोलिसांनी युफेमियानो फुएन्तेस या डॉक्टरच्या माद्रिदमधल्या जागांवर छापे घातले होते. सांकेतिक नावे लिहिलेल्या रक्ताच्या पिशव्या सापडल्या होत्या. संशयित सायकलपटूंच्या नावांची यादी स्ट्रासबुर्गला पोचली आणि ३० जूनला, नांदीच्या आदल्या दिवशी, इव्हान बास्सो, यान उलरिच आणि फ्रान्सिस्को मान्सेबो यांना बाहेर काढण्यात आले. अलेक्सांद्र विनोकुरोव्हवर आरोप नव्हता, पण त्याच्या संघातले पाच जण गेल्यामुळे किमान सहाची अट पुरी होईना आणि तोही परतला. आर्मस्ट्राँग आधीच निवृत्त झाला होता. अशा रीतीने २००५ चे पहिले पाचही क्रमांक सुरुवातीच्या रेषेवर नव्हते. सकाळच्या वर्तमानपत्रातले भाकीत दुपारपर्यंत रद्दी झाले.

दुसऱ्या दिवशी ७.१ किलोमीटरची नांदी नॉर्वेच्या थोर हुशोव्हने जिंकली. तो अंतिम रेषेवर झेप घेणारा वेगवान गडी. टाइम ट्रायलचा पहिल्या पसंतीचा माणूस नव्हे. अमेरिकेचा जॉर्ज हिंकेपी एका सेकंदाहूनही कमी फरकाने, ०.७३ सेकंदाने, हुकला. लगेच दुसऱ्या दिवशी हुशोव्हचा हात प्रेक्षकांना वाटलेल्या पुठ्ठ्याच्या भल्यामोठ्या पंजाने कापला. हिंकेपीने पुढे उत्तेजके घेतल्याची कबुली दिली आणि २०१२ मध्ये त्याचे त्या काळातले निकाल पुसले गेले, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचीही जागा रिकामी झाली. शर्यतीचा विजेता फ्लॉइड लँडिस टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीत दोषी ठरला, ते तर आणखी वेगळे.

२००८ मध्ये आयोजकांनी नांदी वगळली आणि शर्यत ब्रेस्टहून थेट रस्त्यावरच्या पूर्ण टप्प्याने सुरू केली. तो आलेहांद्रो व्हाल्व्हेर्देने जिंकला. त्याच टूरने इटलीत पाऊल ठेवले तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याच्या रक्ताचा नमुना घेतला, तो फुएन्तेसकडच्या एका पिशवीशी जुळला आणि २०१० मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. बंदी १ जानेवारी २०१० पासून धरली गेल्याने ब्रेस्टच्या टप्प्याचा निकाल मात्र आजही त्याच्याच नावावर आहे. कुणाचा निकाल टिकावा आणि कुणाचा जावा हे बऱ्याचदा गुन्ह्यापेक्षा तारखांवर ठरले, हे मान्य करावेच लागते.

टूरमधली शेवटची नांदी २०१२ मध्ये लिएजला झाली. ती फाबियान कान्चेलाराने जिंकली. पुढे सुरुवातीला टाइम ट्रायल आली तरी ती आठ किलोमीटरहून लांब असते. २०२२ मध्ये ती कोपनहेगनला होती आणि आदल्या दिवशी, ३० जूनला, पोलिसांनी बाहरेन संघाच्या हॉटेलची झडती घेतली. या खेपेला कुणाला वगळले गेले नाही. अंदाज होते फिलिप्पो गान्ना आणि वाउट फान आर्ट यांच्यावर. पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर १३.२ किलोमीटरचे अंतर १५ मिनिटे १७ सेकंदांत कापून जर्सी नेली ती बेल्जियमच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने, इव्ह लांपार्टने.