शाकाहार आणि कीटकहिंसा

अन्नासाठी प्राणी मारू नये असे मानणाऱ्याने घरातली झुरळे, ढेकूण, डास, मुंग्या, उवा, वाळवी आणि धान्यातले सोंडे मारावेत की नाहीत, याविषयीचा नीतिविचार. व्यवहारात हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ज्या घरात अंड्याचे टरफलही उंबरा ओलांडत नाही, त्याच घरात ओट्याखाली कणीक आणि बोरिक पावडरीच्या गोळ्या ठेवलेल्या असतात, आणि त्यात घरच्यांना काही खटकत नाही. शाकाहार हा पानातल्या पदार्थांचा नियम आणि स्वच्छता ही घराची बाब, अशी वाटणी मनात पक्की असते. शाकाहाराचे कारण कुळाची रीत, प्रकृती किंवा सोवळे एवढेच असेल, तर या वाटणीत गैर काही नाही. कारण जीवदया असेल, तर मात्र झुरळ का वगळले याचे उत्तर द्यावे लागते.

हे उत्तर शोधण्याची खटपट भारतात फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातल्या पाच ‘सूना’, म्हणजे कत्तलीच्या जागा, सांगितल्या आहेत : चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. पाचही ठिकाणी मरतात ते किडे-मुंग्या. या दोषाच्या निवारणासाठी पंचमहायज्ञ सांगितले आणि त्यांतल्या भूतयज्ञात कृमींसाठीही बळी ठेवायला सांगितला. ज्यांना आपण चिरडतो त्यांनाच घासही घालायचा, असा हा हिशेब आहे. (पाचही जागी राबते ती घरातली बाई आणि यज्ञाचे पुण्य घरधन्याच्या नावे, हा त्यातला वेगळा हिशेब.) मुंग्यांच्या वारुळापाशी साखर किंवा पीठ घालण्याची रीत याच भावनेतली.

महाभारतात कीटकहिंसेच्या दोन कथा आहेत आणि त्यांचा रोख परस्परविरुद्ध आहे. आदिपर्वात मांडव्य ऋषीला चोरीच्या खोट्या आरोपावरून सुळावर चढवले जाते. लहानपणी त्याने गवताची काडी टोचून किडे छळले, त्याचे हे फळ, असे यमधर्म त्याला सांगतो. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा कशी, असे म्हणून ऋषी धर्मालाच शाप देतो आणि चौदा वर्षांच्या आतल्या मुलाच्या कृत्याला यापुढे पाप म्हणायचे नाही, अशी मर्यादा घालून देतो. त्या शापाने धर्म विदुराच्या रूपाने जन्मला. वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध दुसऱ्या टोकाला आहे. तो मांस विकतो आणि कौशिक ब्राह्मणाला सांगतो, की नांगर चालवताना, चालताना, बसता-उठताना जीव मरतातच. पूर्ण अहिंसक असा जगात कोणी नाही. पहिल्या कथेत छळ मोजला आहे, दुसरीत अटळ हानी. घरच्या किडीचा प्रश्न या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतो, म्हणूनच तो अवघड आहे.

सर्वांत बारकाईने विचार केला तो जैनांनी. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांच्या संख्येवरून जीवांची चढती भाजणी आहे. कृमींना दोन इंद्रिये, मुंगीला तीन, भुंग्याला चार, माणसाला पाच. ढेकूण आणि ऊ त्रींद्रियांत बसतात, डास आणि माशी चतुरिंद्रियांत. भाजीपाला एकेंद्रिय. म्हणजे जैन शाकाहाराची जी पायरी आहे, तिच्या वरच्या पायरीवर घरातली बहुतेक कीड येते. ती वगळायला सिद्धांतात जागाच नाही. साधूला महाव्रत असल्याने तो जीव अलगद बाजूला सारण्यासाठी रजोहरण किंवा मोरपिसांची पिंछी जवळ ठेवतो आणि पावसाळ्यात, जमिनीवर जीवजंतू माजतात म्हणून, एका गावी चातुर्मास करतो. गृहस्थाला अणुव्रत, म्हणजे सौम्य व्रत. त्याच्यासाठी हिंसेचे चार प्रकार केले जातात : ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात घडणारी आरंभी, उदरनिर्वाहात घडणारी उद्योगी आणि स्वसंरक्षणार्थ केलेली विरोधी. यांपैकी हलत्या-चालत्या जीवांची संकल्पी हिंसा त्याला पूर्ण वर्ज्य आहे. बाकीची जमेल तितकी कमी करायची. केर काढताना मुंगी मेली तर ती आरंभी. झुरळांवर फवारा मारणे मात्र संकल्पीच्या फार जवळ जाते. चावणारा डास विरोधीत धरायचा का, यावर माणसे एकमेकांशी वाद घालू शकतात.

या विचाराचा खरा पीळ ‘कृत, कारित, अनुमोदित’ या त्रयीत आहे. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि केल्याला संमती देणे, या तिन्हींचा दोष लागतो. शाकाहारी माणूस खाटकाला हिंसेचा एकटा धनी मानत नाही. मटण विकत घेणाऱ्यालाही त्यात धरतो. हाच नियम लावला, तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून आपण तासभर बाहेर जाऊन बसलो, एवढ्याने हात मोकळे होत नाहीत. श्वेतांबर परंपरेत गृहस्थाने टाळायच्या पंधरा धंद्यांची यादी आहे आणि विषाचा व्यापार व किड्यांपासून मिळणाऱ्या लाखेचा व्यापार हे दोन्ही तीत आहेत.

सिद्धांत आचरणात आणण्याच्या तऱ्हा साध्या होत्या आणि काही विक्षिप्तही. पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेले जीव, म्हणजे जीवाणी, ज्या विहिरीतून पाणी आणले तिच्यातच परत सोडायचे. दिव्यावर येणारे पाखरू अन्नात पडू नये म्हणून सूर्यास्तापूर्वी जेवायचे. गुजरातेतल्या काही पांजरापोळांत ‘जीवातखाना’ असे. किडलेले धान्य आणि त्यातले जीव तिथे आणून सोडत. इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेत होता. तिथल्या वाण्यांच्या पशुरुग्णालयाशेजारी ढेकूण-पिसवांसाठीही एक जागा आहे आणि त्यांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर झोपवतात, असे त्याने लिहून ठेवले. परक्या प्रवाशाच्या लिहिण्यात तिखटमीठ असतेच. तरी दयेचा भार शेवटी कोणाच्या अंगावर पडतो, हा प्रश्न त्या हकिगतीने नेमका पुढे येतो.

बौद्धांनी भर दिला तो चेतनेवर, म्हणजे हेतूवर. भिक्षूने जाणूनबुजून प्राणी मारणे आणि जीव असल्याचे ठाऊक असलेले पाणी वापरणे, दोन्ही विनयपिटकात पाचित्तिय, म्हणजे कबुली देऊन फेडायचे, दोष आहेत. म्हणून गाळणे हे भिक्षूच्या आठ वस्तूंपैकी एक. पण धम्मपदाच्या अट्ठकथेत चक्खुपाल या आंधळ्या थेराच्या पायाखाली किडे चिरडले गेले, तेव्हा त्याला ते दिसले नाहीत, मारण्याचा हेतू नव्हता, म्हणून दोष नाही, असा निवाडा बुद्धाने दिल्याचे सांगितले आहे. जैनांना ही सूट पुरेशी वाटली नाही आणि सूत्रकृतांगात तिची टर उडवलेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला, आणि बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे मांडले. नियम पाळला किंवा मोडला जातो. तत्त्व लावताना दर वेळी विचार करावा लागतो. घरच्या किडीपुरते बोलायचे तर हे वर्गीकरण सर्वांत उपयोगी आहे असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

मराठी परंपरेत महानुभावांचा आचार या बाबतीत कडक. आपल्या अनुयायामुळे मुंगीवरसुद्धा वैधव्य येऊ नये, अशी चक्रधरांची शिकवण सांगतात. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण करताना ज्ञानदेव अहिंसक माणसाच्या चालण्यावर ओव्यांमागून ओव्या खर्च करतात. पायाखाली बारीक जीव येईल या धाकाने तो पाऊल कसे टाकतो, हे सांगताना त्यांची लेखणी थांबत नाही. त्याच ओघात झाडे मुळासकट उपटून रोग्याला जगवणाऱ्या वैद्यकावर त्यांनी उपरोधही केला आहे. एक जीव राखायला दुसरा मारणे ही अहिंसा कशी, हा त्यांचा सवाल औषधफवारणीलाही लागू पडतो.

सगळ्याच धर्मांना हा प्रश्न असा पडला नाही. जरथुश्त्री धर्मात साप, मुंग्या, बेडूक, माश्या यांसारखे ‘ख्रफ्स्त्र’ जीव अहरिमनाची निर्मिती मानले गेले आणि त्यांना मारणे पुण्याचे ठरले. वंदिदादमध्ये काही पापांच्या प्रायश्चित्तात असे जीव मोठ्या संख्येने मारायला सांगितले आहेत. मगी पुरोहित मुंग्या आणि साप स्वतःच्या हाताने मारतात, असे हिरोडोटसनेही नोंदवले होते. पांजरापोळ चालवणारे जैन आणि वंदिदाद पठण करणारे पारशी मोबेद मुंबईत पिढ्यानपिढ्या शेजारी राहिले, हे ध्यानात घेतले की ‘किडा मारणे वाईट हे सगळ्यांना कळतेच’ असे म्हणता येत नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वादाला नवी बाजू फुटली. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी सापडले. १८९८ मध्ये पोल-लुई सिमाँ यांनी उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे दाखवले. तोवर कीड म्हणजे उपद्रव होता, आता ती मृत्यूची वाहक ठरली. मग डास मारणे ही आपल्या सुखाची बाब राहिली नाही. शेजाऱ्याच्या मुलाचा जीव त्यात गुंतला. शेतातली कीड आणि धान्य खाणारे प्राणी मारणे ही हिंसाच, पण शेतकऱ्याला ती टाळता येत नाही, असे गांधीजींचे म्हणणे होते. १९२६ मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने साठ भटकी कुत्री मारवली. गांधीजींनी त्याला दुसरा इलाज नव्हता असे म्हटले आणि रागावलेल्या वाचकांची पत्रे अंगावर घेतली. अटळ हिंसेला अहिंसा म्हणायचे नाही, तिला हिंसाच म्हणून पत्करायचे, असा त्यांचा रोख होता. हीच अट सोडून देण्याकडे शाकाहारी कुटुंबांचा कल असतो.

पाश्चात्त्य प्राणिनीतीत कीटक उशिरा आले. पीटर सिंगर यांनी १९७५ च्या ‘अॅनिमल लिबरेशन’मध्ये संवेदनेची रेषा कोळंबी आणि कालव यांच्या मध्ये कुठेतरी ओढली. टॉम रीगन यांच्या १९८३ च्या ग्रंथातला हक्काचा युक्तिवाद प्रामुख्याने वर्षाहून मोठ्या सस्तन प्राण्यांपुरता होता. १९८४ मध्ये आयझमन आणि सहकाऱ्यांनी कीटकांना वेदना नसावी असे मांडले. पाय तुटलेला किडा लंगडत नाही आणि खंडोबाचा किडा टोळाला खात असताना टोळ स्वतः चरत राहतो, ही त्यांची उदाहरणे. पुढे पारडे हलले. २०२२ मध्ये माटिल्डा गिबन्स, लार्स चिट्का आदींनी तीनशेहून अधिक अभ्यास तपासले. वेदनेच्या आठ निकषांपैकी सहा पूर्ण करणारे दोन गट त्यांना आढळले : झुरळे-वाळवी आणि माश्या-डास. नेमके आपण सर्वांत बेफिकिरीने मारतो तेच. यातून वेदना सिद्ध होत नाही. मात्र ‘त्यांना काय कळतेय’ हे उत्तर यापुढे छातीठोकपणे देता येत नाही.

कायदा या बाबतीत अर्धवट आहे. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियमात माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी ‘प्राणी’ या व्याख्येत बसतो, म्हणजे झुरळही. १९६८ चा कीटकनाशक अधिनियम ते मारण्याच्या औषधांचे नियमन करतो. अन्नसुरक्षा नियमांत प्राणिजन्य पदार्थांना मांसाहारी खूण लागते, पण दूध, मध, मधमाश्यांचे मेण आणि लाख यांना त्यातून वगळले आहे. लाखेचा मुलामा दिलेल्या गोळीवर म्हणूनच हिरवा ठिपका असू शकतो.

शाकाहाराचे तत्त्व किडीपर्यंत न्यावे का, याचे उत्तर होय असेच द्यावे लागते. पण ते ‘कधीच मारू नये’ या रूपात नेता येत नाही. जनावर खाण्याची गरज शहरातल्या माणसाला नसते, म्हणून तिथे मनाई चालते. ढेकूण आणि डेंगीचा डास यांच्याशी संघर्ष खरा असतो. तिथे कर्तव्य आहे ते वेळ येऊच न देण्याचे. धान्य उन्हात वाळवून, चाळून, कडुनिंबाचा पाला घालून किंवा एरंडेल चोळून ठेवणे, मोरीला जाळी बसवणे, रात्री ओटा कोरडा करणे, पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण लावणे, या जुन्या घरच्या सवयी इथे सिद्धांताइतक्याच महत्त्वाच्या आहेत. ‘नैसर्गिक’ म्हणून टाकीत गप्पी मासे सोडणे हा आरोग्य खात्याच्या दृष्टीने उत्तम उपाय आहे. अळ्या मात्र मासेच खातात, म्हणजे तेही कारितच. आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ पाळून पिंप उपडे केले, तर त्यातल्या अळ्या मरतात. पहिल्यापासून झाकलेल्या पिंपात कोणी मरत नाही. मारायची वेळ आलीच, तर छळ नको. उंदीर तासन्‌तास तडफडत ठेवणाऱ्या डिंकाच्या सापळ्यांविरुद्ध भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ आणि २०२० मध्ये सूचना दिल्या, त्या याच कारणाने.

विषाची किंमत माणूसही मोजतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ताटात फक्त भाजी-भाकरी असली, तरी तिच्यामागे नांगर आणि फवारा असतोच, हे धर्मव्याधाचे म्हणणे शाकाहाऱ्याने मान्य केलेले बरे.

चालढकल करण्यात मात्र दया नाही. जर्मन झुरळाच्या एका अंडकोशात साधारण ३० ते ४० अंडी असतात. पहिले झुरळ दिसल्यावर फट बुजवली नाही, तर काही महिन्यांनी फवारणीत शेकडो मरतात.