काँक्रीटला खलनायक कोणी केले?

आपल्याकडे गिलावा न केलेली भिंत म्हणजे पैसे संपल्याची खूण. शेजारी विचारणारच, "बाकीचे काम कधी काढताय?" त्यामुळे मुद्दाम, पूर्ण विचारांती भिंती उघड्या ठेवणारी एक वास्तुशैली जगात होऊन गेली हे प्रथम वाचले तेव्हा मला गंमत वाटली होती. तिचे नाव ब्रुटलिझम.

या नावानेच तिचा अर्धा घात केला. 'ब्रुटल' म्हटले की इंग्रजीतला क्रूरपणा आठवतो. पण त्याच्या मुळाशी आहे 'बेताँ ब्र्यूत' हा फ्रेंच शब्द, म्हणजे कच्चे, वरून काही न थापलेले काँक्रीट. चंडीगढमुळे आपल्याला परिचित असलेल्या ल कॉर्बुझिए यांची मार्से शहरातली प्रचंड निवासी इमारत १९५२ मध्ये पूर्ण झाली. सेंट्रिंगच्या फळ्यांचे वण त्यांनी काँक्रीटवर तसेच राहू दिले. पुढे इंग्लंडमध्ये ॲलिसन आणि पीटर स्मिथसन या दांपत्याने हा विचार उचलला, आणि १९५५ मध्ये रेनर बॅनहॅम यांनी त्यावर गाजलेला लेख लिहिला. भिंत ज्याची आहे त्याचीच दिसू द्या, तिला रंगरंगोटीचा मुखवटा नको, असा तो आग्रह. एक प्रकारचा सचोटीचाच म्हणा ना!

महायुद्धातल्या बॉम्बवर्षावाने इंग्लंडमध्ये लाखो घरे पडली वा नादुरुस्त झाली होती. उरलेल्यांतही कोंदट, गळक्या वस्त्या कमी नव्हत्या. त्या माणसांना हवेशीर घरे, वेगळी न्हाणीघरे मिळावीत म्हणून सरकारी यंत्रणांनी भराभर इमारती उठवल्या. थेम्स नदीकाठच्या दलदलीत १९६७ पासून उभे राहू लागलेले थेम्समीड हे त्यातलेच. सुमारे ६०,००० वस्तीचे नवे नगर तिथे वसवायचे होते. १९५३ च्या महापुराची आठवण ताजी असल्याने तळमजल्यावर राहत्या खोल्या ठेवायच्या नाहीत असे ठरले. खाली गाड्या, वर घरे आणि घरांना जोडणारे उंचावरचे रस्ते. मधे तळी, कालवे. १९६८ मध्ये पहिली कुटुंबे राहायला आली.

आणि पाठोपाठ आला स्टॅन्ली क्युब्रिक यांचा कॅमेरा. 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' (१९७१) साठी त्यांना भविष्यातले एक निर्दय शहर हवे होते. वास्तुकलेच्या मासिकांचे जुने अंक चाळून त्यांनी स्थळे निवडली, त्यात थेम्समीडही होते. तिथल्या तळ्याकाठी या चित्रपटातला गुंड नायक आपल्याच साथीदारांना संथ गतीत, रोसिनीच्या सुरावटीवर पाण्यात लोटतो. दृश्य एकदा पाहिले की विसरत नाही.

वाचकहो, इथे तारखा जरा नीट पाहा. चित्रीकरण झाले तेव्हा थेम्समीड जेमतेम दोन-तीन वर्षांचे होते. तिथले काँक्रीट अजून काळवंडले नव्हते, मुले तिथे जन्मून मोठी व्हायची होती. पडद्यावर दिसली ती पडझड नव्हे, तो एका प्रतिभावंताचा अंदाज होता. प्रेक्षकांनी मात्र तो पुरावा म्हणून घेतला. तेव्हापासून राखाडी भिंत, ओला जिना, रिकामा पूल दिसला की आता इथे कोणीतरी कोणाला मारणार हे आपण धरूनच चालतो.

पुढे थेम्समीडची दुर्दशा झाली हेही खरे. घरांत ओल आणि बुरशी आली. ठरलेली भुयारी रेल्वे गावात कधी पोहोचलीच नाही. शेजारच्या ॲबी वूड स्थानकावर एलिझाबेथ लाइन आली ती २०२२ मध्ये. पण फुटके गटार आणि न आलेली रेल्वे पडद्यावर भेसूर दिसत नाहीत, भिंत दिसते.

याच थेम्समीडमध्ये 'ब्यूटिफुल थिंग' (१९९६) हा चित्रपट चित्रित झाला. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन मुलांच्या प्रेमाची ही गोष्ट. त्यातही तेच काँक्रीट आहे, पण त्यावर ऊन पडलेले आहे, दारात बसून गप्पा मारणारी माणसे आहेत. शेवटी ती दोन मुले भर चौकात, सगळ्यांसमोर नाचतात. भिंत तीच, पाहणारा बदलला.

दुसरे उदाहरण उत्तर इंग्लंडमधल्या गेट्सहेडचे. ओवेन लूडर यांच्या कचेरीतल्या रॉडनी गॉर्डन यांनी आखलेला तिथला बहुमजली वाहनतळ १९६७ चा. माइक हॉजेस यांच्या 'गेट कार्टर' (१९७१) मध्ये मायकेल केन एका धंदेवाल्याला तिथल्या जिन्यावरून खाली फेकतो. वर गच्चीवर उपाहारगृह काढायचे योजले होते; ते प्रत्यक्षात कधीच निघाले नाही. गावातल्या अनेकांना ती इमारत डोळ्यांपुढे नको होती, पण चित्रपटाच्या प्रेमात पडलेल्यांनी ती वाचवा म्हणून आग्रह धरला. अखेर २०१० मध्ये ती पाडली, आणि तिचे तुकडे छोट्या डब्यांत घालून आठवण म्हणून विकले गेले! त्या जागी झालेले नवे संकुल २०१४ मध्ये कुरूप इमारतींना देण्यात येणाऱ्या 'कार्बंकल कप'च्या अंतिम यादीत होते. असो.

'द ब्रुटलिस्ट' (२०२४) मध्ये छळछावणीतून वाचलेला एक काल्पनिक वास्तुविशारद आपली वेदना काँक्रीटमध्ये ओततो. एड्रियन ब्रॉडी यांना त्यासाठी ऑस्करही मिळाले. पन्नास वर्षे खलनायक ठरलेल्या भिंतीकडे कॅमेरा करुणेने पाहू लागला, पण एव्हाना स्मिथसन दांपत्याच्या लंडनमधल्या 'रॉबिन हूड गार्डन्स'वर हातोडा पडायला २०१७ मध्येच सुरुवात झाली होती.

मला वाटते, घराचा न्याय पडद्यावर होऊ नये. आपली चिऱ्यांची घरे देखणी म्हणून जग कौतुक करते. पण पावसाआधी ती शाकारली नाहीत तर दहा वर्षांत त्यांचीही भुताची घरे होतात. तेव्हा आपण चिऱ्याला क्रूर म्हणत नाही. घराची वेळच्या वेळी डागडुजी कोणी केली नाही, एवढेच विचारतो.