समाजमाध्यमांवर तृतीयपंथी आपली ओळख कशी मांडतात?

जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग ज्यांच्या स्वतःच्या जाणिवेशी जुळत नाही, त्यांना आपण ट्रान्सजेंडर किंवा तृतीयपंथी म्हणतो. जुन्नर, आंबेगावच्या गावांत सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथे ही जाणीव घरात किंवा पारावर बोलणे अवघड असते. म्हणून अनेकांसाठी मोबाईल ही व्यक्त होण्याची पहिली जागा ठरते.

ओळख मांडण्याचे मार्ग

नाव : स्वतः निवडलेले नाव प्रोफाईलवर लावणे.

भाषा : मराठीत क्रियापदच लिंग सांगते. ‘मी आलो’ऐवजी ‘मी आले’ लिहिले, की एका ओळीत ओळख जाहीर होते.

फोटो आणि रील : साडी, दाढी, केशरचना, आवाज.

दोन खाती : एक नातेवाइकांसाठी, दुसरे विश्वासातल्या माणसांसाठी. ही फसवणूक नव्हे, सुरक्षितता आहे.

लेखन : कवयित्री दिशा पिंकी शेख यांनी फेसबुकवर कविता आणि रोखठोक लेखन करून वाचक मिळवले. २०१९ मध्ये त्या वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात पेहराव, शब्द आणि वागण्यातून लिंगभाव व्यक्त करणे हा संविधानाच्या कलम १९(१)(अ) खालील अभिव्यक्तीचा हक्क मानला. या लढ्यात पुण्यात जन्मलेल्या गौरी सावंत यांचाही सहभाग होता. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यात शाब्दिक व मानसिक छळालाही सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि दंड आहे. ओळख प्रमाणपत्र जिल्हा दंडाधिकारी देतात. त्यासाठी राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करता येतो.

आपण काय करावे?

बाधा बहुतेकदा ओळखीच्यांकडूनच येते. एक स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर पडला, तर एखाद्याचे घर, शिक्षण, रोजगार सुटू शकतो. म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना सांगतो : परवानगीशिवाय फोटो किंवा पोस्ट पुढे पाठवू नका. जुने नाव उघड करू नका. कसे संबोधायचे ते त्या व्यक्तीलाच विचारा. ग्रुपवर टिंगल सुरू झाली, तर गप्प न राहता तिथेच थांबवा. जातीवरून होणारी टिंगल आपण खपवून घेत नाही. मग लिंगभावावरून होणारी का खपवून घ्यावी?